डब्लिनच्या तिजोरीतला ट्रान्समीटर

1943 च्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर आलेला असताना, डब्लिनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत एक बिनतारी संदेशयंत्र ठेवण्यात आलं. यंत्र जर्मन वकिलातीचं होतं आणि ते तिजोरीत ठेवायला लावणारं होतं आयर्लंडचं परराष्ट्र खातं. दोघांचीही संमती असल्याखेरीज तिजोरी उघडायची नाही, अशी अट होती. जर्मनांना यंत्र बाहेर काढता येणार नव्हतं आणि आयरिश सरकारलाही ते परस्पर इंग्रजांच्या हवाली करता येणार नव्हतं. भाऊबंदकीच्या तंट्यात दागिने पंचांकडे ठेवावेत, तसला हा प्रकार.

या तोडग्याला दोन महिने होतात न होतात तोच अमेरिकेने आयर्लंडला एक कडक खलिता धाडला. यंत्र बंद झालं तेवढ्याने भागणार नाही, जर्मनीचे आणि जपानचे प्रतिनिधीच देशाबाहेर घालवा, अशी मागणी त्यात होती. वर्तमानपत्रांत ओरड झाली, सीमेवर सैन्य सज्ज झालं, ब्रिटिश संसदेत चर्चिल बोलले. पण या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणीच उघडपणे बोलत नव्हतं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्याच गोष्टीभोवती फिरतं. डब्लिनचे जर्मन राजदूत बर्लिनला जे सांकेतिक संदेश पाठवत होते, ते 1943 पासून लंडनमध्ये वाचले जात होते.

आयर्लंड तटस्थ का राहिला, हे थोडक्यात सांगायला हवं. 1921 मध्ये देशाची फाळणी झाली, 1922 मध्ये सव्वीस परगण्यांना स्वराज्य मिळालं आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडेच राहिले. पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा हे 1916 च्या उठावातले बंडखोर. त्या वेळी त्यांना देहदंडाऐवजी तुरुंग मिळाला, एवढंच. आयरिश किनाऱ्यावरची तीन बंदरं करारान्वये ब्रिटिश आरमाराकडे होती, ती तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांनी 1938 मध्ये परत केली. चर्चिल यांना हा निर्णय कधीच पचला नाही. ती बंदरं ताब्यात आली म्हणूनच डी व्हॅलेरांना तटस्थ राहणं शक्य झालं, आणि अटलांटिकात जहाजं बुडू लागली तशी चर्चिल यांना त्या बंदरांची सल अधिकच बोचू लागली. युद्ध संपेपर्यंत डी व्हॅलेरा पंतप्रधानकीबरोबर परराष्ट्र खातंही स्वतःच सांभाळत होते, त्यामुळे या प्रकरणातला प्रत्येक कागद शेवटी त्यांच्याच टेबलावर येत असे.

जर्मनीचे राजदूत एडुआर्ड हेम्पेल 1937 मध्ये डब्लिनला आले. मुरलेले, सभ्य वळणाचे मुत्सद्दी. नाझी पक्षाचं सदस्यत्व त्यांनी घेतलं तेही डब्लिनला आल्यावर, 1938 मध्ये. नॉर्थम्बरलंड रोडवरच्या 58 क्रमांकाच्या घरात त्यांची वकिलात होती. युद्ध सुरू झालं आणि हेम्पेल अडकले. आयर्लंडच्या पूर्वेला ब्रिटन, बाकी तिन्ही बाजूंना ब्रिटिश आरमाराचा पहारा. बर्लिनहून डाक आणणारा माणूस येऊ शकत नव्हता, इथून पाठवण्याचीही सोय नव्हती. 1940 च्या नाताळच्या सुमारास जर्मनीने वकिलातीसाठी आणखी माणसं विमानाने उतरवायचा घाट घातला, पण डी व्हॅलेरांनी साफ नकार दिला. मूठभर कर्मचारी आणि एक राजदूत, एवढीच काय ती वकिलात.

मग बर्लिनशी बोलायचं कसं? मार्ग दोनच होते. पहिला तारेचा. आंतरराष्ट्रीय तार कंपन्यांमार्फत स्वित्झर्लंडला सांकेतिक तार करायची, तिथून ती बर्लिनला जायची. राजदूताने आपल्या सरकारशी गुप्त भाषेत बोलणं हा त्याचा मान्य हक्क आहे, तटस्थ राष्ट्राला तो नाकारता येत नाही. अडचण एवढीच की डब्लिनमधून बाहेर पडणारी तार लंडनवरून जात होती. ब्रिटिश लोक ती थांबवू शकत होते, उशिराने पुढे सोडू शकत होते, आणि प्रत्येक तारेची नक्कल तर त्यांच्या हाती पडणारच होती. दुसरा मार्ग म्हणजे वकिलातीतलं ते बिनतारी यंत्र. ते वापरायचा हेम्पेल यांना कोणताही हक्क नव्हता. यजमान देशाच्या परवानगीशिवाय वकिलातीने ट्रान्समीटर चालवायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

यंत्रावरून काय जायचं, याबद्दल सगळ्यात मोठी धास्ती होती ती हवामानाची. आज मोबाइलवर पाऊस बघणाऱ्या आपल्याला याची कल्पना येणं कठीण आहे. पश्चिम युरोपातलं हवामान अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. आयर्लंडच्या किनाऱ्यावर आज जे ढग आहेत ते उद्या इंग्लिश खाडीवर येणार. विमानदळाला, आरमाराला, सैन्य उतरवणाऱ्यांना हा एक दिवसाचा आगाऊ अंदाज लाखमोलाचा. म्हणून ब्रिटनमध्ये युद्ध सुरू होताच वर्तमानपत्रांतून हवामानाचे अंदाज नाहीसे झाले होते. जर्मनी पूर्वेला बसलेली, तिला पश्चिमेचं आकाश दिसत नव्हतं. डब्लिनमधून चार ओळी मिळाल्या तर ते आकाश तिला दिसणार होतं.

फेब्रुवारी 1942 मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातून शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाउ आणि प्रिन्झ ओयगेन या जर्मन युद्धनौका निघाल्या आणि भरदिवसा इंग्लिश खाडीतून, ब्रिटनच्या नाकासमोरून, मायदेशी निसटल्या. खराब हवामानाची त्यांना मोठी मदत झाली होती. ब्रिटनमध्ये नाचक्की झाली, आणि या नौकांना डब्लिनच्या यंत्रावरून हवामानाची खबर मिळाली असावी असा संशय व्यक्त झाला. तो कितपत खरा, हे बाजूला ठेवू. एवढी मोठी फजिती झाल्यावर कुणाच्या तरी माथी खापर फोडायला लागतंच. मात्र यंत्र चालू होतं, यात वाद नव्हता. आयरिश लष्कराचे बिनतारीवाले त्याचं बोलणं ऐकत होते, ब्रिटिशही ऐकत होते. लंडनने तक्रार केली, डब्लिनने हेम्पेल यांना बोलावून समज दिली, आणि यंत्र जवळजवळ गप्प झालं.

हेम्पेल यांनी फारशी खळखळ केली नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या कामातच होतं. आयर्लंडला तटस्थ ठेवणं हे त्यांचं डब्लिनमधलं खरं काम. आयर्लंड मित्रराष्ट्रांच्या बाजूने गेला तर बंदरं गेली, विमानतळ गेले. चोरून पाठवलेल्या दोन-चार संदेशांपायी हा डाव उधळावा असं त्यांना वाटत नव्हतं. बर्लिनमधल्या हेरखात्याला मात्र हे पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी आयर्लंडमध्ये एकामागून एक हेर उतरवले. हेम्पेल यांच्यासाठी हे हेर म्हणजे मदत कमी आणि डोकेदुखी जास्त.

त्यातला नाव घेण्याजोगा हेर हेर्मान गर्ट्स. मे 1940 मध्ये तो पॅराशूटने उतरला आणि नोव्हेंबर 1941 मध्ये पकडला जाईपर्यंत तब्बल दीड वर्ष भूमिगत राहिला. दुसरा ग्युंटर शुट्झ. त्याच्याजवळ वर्तमानपत्राची कात्रणं सापडली, आणि त्या कात्रणांवर साध्या डोळ्यांना पूर्णविरामासारखे दिसणारे ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे अतिसूक्ष्म करून चिकटवलेलं एक छायाचित्र. हा शुट्झ पुढे बाईच्या वेशात तुरुंगातून पळालाही.

हे ठिपके आणि गर्ट्सची सांकेतिक लिपी ज्यांनी उलगडली ते कुणी लष्करी अधिकारी नव्हते. ते होते आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक, रिचर्ड हेज. अनेक भाषा जाणणारे, जुनी हस्तलिखितं आणि सूची यांत रमणारे. ग्रंथालयाचं काम सांभाळत ते लष्कराच्या ‘जी-टू’ या गुप्तवार्ता विभागासाठी आकड्यांशी झुंजत बसायचे. गर्ट्सच्या लिपीने त्यांना खूप दिवस झुलवलं. ती फुटल्यावर त्यांनी आणि जी-टूने एक खेळ मांडला. कैदेतला गर्ट्स बाहेर चिठ्ठ्या पाठवतो आहे हे कळल्यावर त्या चिठ्ठ्या अडवून वाचायच्या, आणि जर्मनीहून आल्यासारखी खोटी उत्तरं त्याच्याच लिपीत त्याला धाडायची. गर्ट्स फसला आणि आपल्या कामगिरीचा लांबलचक अहवालच लिहून बसला. हेरकथांचे शौकीन ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या संकेत फोडणाऱ्या केंद्रातल्या मंडळींची नावं पाठ म्हणून दाखवतात. हेज यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या देशातही अनेक दशकं फारसं कुणी घेत नव्हतं.

जी-टूचे प्रमुख कर्नल डॅन ब्रायन यांचं इंग्रजांच्या ‘एमआय-फाइव्ह’शी गुप्त सूत होतं. तिथल्या आयरिश विभागाचे सेसिल लिडेल आणि ब्रायन यांच्यात पकडलेल्या हेरांची, त्यांच्या लिप्यांची, ऐकलेल्या संदेशांची देवाणघेवाण चाले. तटस्थ देशाचं लष्कर आणि युद्धात उतरलेल्या देशाचं गुप्तचर खातं यांच्यातला हा व्यवहार बाहेर फुटला असता तर डी व्हॅलेरांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणूनच तो कागदावर कमी आणि माणसामाणसांत जास्त झाला.

वकिलातीची मुख्य लिपी मात्र हेज यांना हुलकावणी देत राहिली. जर्मन परराष्ट्र खात्याची एक पद्धत अशी होती की आधी जाड कोशातून शब्दाशब्दाला आकड्यांचा गट द्यायचा, मग त्यावर दुसऱ्या तक्त्यातले आकडे मिळवायचे. कोश हाती लागला तरी वरचा थर सोलल्याशिवाय काही हाती लागत नाही. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. आयरिश लोकांनी टिपलेले संदेश इंग्रजांकडे गेले आणि तिथल्या मोठ्या पथकाने 1943 मध्ये डब्लिन–बर्लिन संदेश वाचायला सुरुवात केली.

वाचल्यावर काय दिसलं? हेम्पेल बहुतेक करून वर्तमानपत्रांतलं, मेजवान्यांतलं, ऐकीव असं काहीबाही कळवत होते. त्यांच्या हाती खळबळजनक असं फारसं काही नव्हतं. हे लंडनला कळणं हीच मोठी गोष्ट होती. शत्रूचा माणूस काय जाणतो, काय जाणत नाही, आणि बर्लिन त्याला काय विचारतं, हे सगळं तारेच्या नकलांतून समोर येत होतं. शिवाय तार लंडनवरूनच जायची. वेळ पडली तर ती चार दिवस दाबून ठेवता येईल. असा राजदूत देशातून घालवायचा कशाला?

पण यंत्राची गोष्ट वेगळी. तारेवर इंग्रजांचा हात होता, आकाशात जाणाऱ्या लहरींवर नव्हता. फ्रान्समध्ये सैन्य उतरवण्याची तयारी सुरू झाली होती. एखाद्या दिवशी हेम्पेल यांना खरोखर काही महत्त्वाचं कळलं आणि त्यांनी ते यंत्रावरून पाठवलं, तर वाचून काय उपयोग? म्हणून 1943 च्या अखेरीस ब्रिटिशांनी डब्लिनकडे यंत्र काढून घ्यायचा धोशा लावला.

हा धोशा लावणारे ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन मॅफी. आपल्याकडच्या इतिहासात त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने येतं. ते व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांचे खाजगी सचिव होते आणि पुढे वायव्य सरहद्द प्रांताचे चीफ कमिशनर. 1923 मध्ये कोहाटच्या छावणीतून मॉली एलिस या इंग्रज मुलीला पठाणांनी पळवून नेलं, तेव्हा तिला सोडवून आणण्याची व्यवस्था त्यांनीच पाहिली होती. टोळीवाल्यांशी बोलताना धमकी कुठे द्यायची आणि चहा कुठे पाजायचा, हे शिकलेला माणूस. आयरिश लोकांशी ते तसेच वागले. डी व्हॅलेरांना कोपऱ्यात ढकललं तर ते हटून बसतात, वाट ठेवली तर बरंच काही करतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि ऐन वेळी जर्मन हेरखात्यानेच मॅफींचं काम सोपं केलं. डिसेंबरच्या मध्यात क्लेअर परगण्यात, तीन दिवसांच्या अंतराने, दोन आयरिश तरुण जर्मन विमानांतून पॅराशूटने उतरले. दोघांबरोबर बिनतारी यंत्रं होती. दोघेही लगोलग पकडले गेले. त्यातला जॉन फ्रान्सिस ओ'रायली पुढे कैदेतून निसटून थेट आपल्या घरीच गेला. त्याच्या वडिलांनी त्याला पोलिसांच्या हवाली केलं आणि त्याच्यावर लावलेलं पाचशे पौंडांचं बक्षीस घेतलं, ते पोराच्याच नावाने जपून ठेवायला. असे हेर पाठवणाऱ्यांच्या बुद्धीचं कौतुक करावं तेवढं थोडं. आता आयरिश परराष्ट्र खात्याचे सचिव जोसेफ वॉल्श यांनी हेम्पेल यांना सरळ सांगितलं, यंत्र द्या. हेम्पेल यांनी दिलं. ते बँकेत गेलं.

याच वर्षी, काही महिने आधी, अशाच संशयाचा निकाल आपल्या किनाऱ्यावर निराळ्या रीतीने लागला होता. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगाव बंदरात युद्धाच्या सुरुवातीपासून ‘एरेनफेल्स’ आणि आणखी दोन जर्मन व एक इटालियन अशी जहाजं अडकून पडली होती. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना संदेश जातात असा ब्रिटिशांचा दावा. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले पोक्त गृहस्थ ‘फीबी’ नावाच्या गाळवाहू बार्जवरून बंदरात शिरले आणि एरेनफेल्सवर चढले. जर्मन खलाशांनी ठरल्याप्रमाणे आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. त्यावर पुढे पुस्तक निघालं, 1980 मध्ये सिनेमाही आला. तिथे असं यंत्र खरंच होतं का, याविषयी अजून वाद आहेत. गोव्यात जे रात्रीच्या अंधारात उरकता आलं, ते डब्लिनमध्ये शक्य नव्हतं. तिथे अमेरिकेतल्या लाखो आयरिश मतदारांची नजर होती.

आणि म्हणूनच आता अमेरिकेच्या राजदूतांकडे यायला हवं. डेव्हिड ग्रे सत्तरी ओलांडलेले, नाटकं-कादंबऱ्या लिहिलेले गृहस्थ. पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांची मावशी, त्यामुळे थेट व्हाइट हाउसशी पत्रव्यवहार. प्लँचेटचाही नाद होता. मृतात्म्यांनी युद्धाबद्दल काय सांगितलं, हे ते गंभीरपणे टिपून ठेवत. डी व्हॅलेरांबद्दल त्यांच्या मनात अढी होती, आणि ती वर्षागणिक पक्की होत गेली. आयरिश लष्कर आणि मित्रराष्ट्रांची गुप्तचर खाती यांच्यात किती देवाणघेवाण होते, याची पूर्ण माहिती त्यांना नव्हती. अमेरिकेच्या ‘ओएसएस’ या गुप्तचर संस्थेचे लोक आयरिश बंदोबस्तावर समाधानी होते, पण ग्रे यांचा विश्वास त्यांच्यापेक्षा स्वतःच्या संशयावर अधिक.

21 फेब्रुवारी 1944 रोजी ग्रे यांनी डी व्हॅलेरांच्या हाती तो खलिता दिला. इतिहासात तो ‘अमेरिकन नोट’ म्हणून ओळखला जातो. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडमधली सीमा मोकळी आहे, ब्रिटनमध्ये जमलेल्या सैन्याची बातमी इथून सहज बाहेर जाऊ शकते, शत्रूचे प्रतिनिधी त्याचा फायदा घेत नसतील असं मानणं भाबडेपणाचं होईल, असा एकूण युक्तिवाद. मागणी एकच: जर्मन आणि जपानी प्रतिनिधींना परत पाठवा. दुसऱ्या दिवशी मॅफींनी ब्रिटनचा पाठिंबा कळवला. डी व्हॅलेरा वाचतावाचताच संतापले आणि उत्तर नाही असंच असेल, हे तिथल्या तिथे सांगून मोकळे झाले. त्यांच्या नजरेत हा खलिता म्हणजे निर्वाणीचा इशारा होता.

पुढचे काही दिवस डब्लिनमध्ये खरोखर आक्रमणाची भीती होती. उत्तर आयर्लंडमध्ये अमेरिकी फौजा होत्याच. आयरिश लष्कराला सज्ज राहण्याचे हुकूम सुटले. डी व्हॅलेरांनी कॅव्हनच्या सभेत लोकांना सावध राहायला सांगितलं. शेवटी वॉशिंग्टनला खुलासा करावा लागला की सैन्य घुसवण्याचा कसलाही विचार नाही. 7 मार्चला आयर्लंडचं औपचारिक उत्तर गेलं. हेरगिरी रोखण्यासाठी आम्ही सगळं करत आलो आहोत आणि पुढेही करू, पण राजदूत घालवणं म्हणजे तटस्थता सोडणं, ते होणार नाही.

इथे प्रश्न पडतो. यंत्र बँकेत पडलेलं, तार लंडनच्या मुठीत, लिपी फुटलेली. मग हा खलिता कशासाठी? एमआय-फाइव्हमधल्या लोकांना तो नकोच होता. हेम्पेल गेले असते तर वाचता येणारी तारही गेली असती, आणि बर्लिनने त्यांच्या जागी ओळखता न येणारे नवे हेर सोडले असते. परिचयाचा शत्रू गावात असलेला बरा, असा त्यांचा साधा हिशेब. पण हे कारण उघड करता येत नव्हतं. लिपी फुटली आहे याचा वास जरी बर्लिनला लागला असता तरी सगळ्या जगभरचे जर्मन संकेत बदलले असते. त्यामुळे ज्यांना खरं माहीत होतं ते गप्प, आणि ज्यांना माहीत नव्हतं ते आग्रही. मुत्सद्देगिरीत असं वरचेवर घडतं.

ग्रे यांचं उद्दिष्ट त्यांच्याच लिखाणावरून दिसतं आणि ते हेरगिरीपेक्षा पुढचं होतं. युद्ध संपल्यावर डी व्हॅलेरा अमेरिकेतल्या आयरिश लोकांना हाताशी धरून फाळणीविरुद्ध आवाज उठवणार, हे त्यांना दिसत होतं. अमेरिकी पोरांचे जीव धोक्यात असताना या माणसाने मदत नाकारली, अशी नोंद कागदावर आणून ठेवायची होती. म्हणजे मागणी मान्य व्हावी यापेक्षा ती नाकारली जावी, यातच ग्रे यांचा फायदा. ज्याला नकारच हवा आहे त्याच्या विनंतीचा सूर निराळा लागतो. आणि रूझवेल्ट व चर्चिल यांनी आपल्या गुप्तचरांचं म्हणणं बाजूला ठेवून या खेळीला संमती दिली, ही गोष्ट त्या दोघांच्या मोठेपणात भर घालत नाही.

खलिता मार्चमध्ये वर्तमानपत्रांत आला आणि अमेरिकेत डी व्हॅलेरांवर टीकेची झोड उठली. आयर्लंडमध्ये बरोबर उलटं झालं. 30 मे 1944 च्या निवडणुकीत त्यांच्या फियाना फॉइल पक्षाला 138 पैकी 76 जागा मिळाल्या. वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत त्यांचं बहुमत हुकलं होतं. ग्रे यांनी डी व्हॅलेरांचा जेवढा प्रचार केला तेवढा त्यांच्या पक्षालाही जमला नसता.

दरम्यान चर्चिल यांनी आयर्लंडची नाकेबंदी सुरू केली होती. मार्चमध्ये दोन देशांतला प्रवास थांबवला गेला. एप्रिलमध्ये तर लंडनने अभूतपूर्व पाऊल उचललं. काही निवडक मित्रदेश सोडले तर लंडनमधल्या एकाही परदेशी वकिलातीला सांकेतिक तारा पाठवायला, सीलबंद टपाल नेऊ द्यायला मनाई झाली. राजदूताचा जो हक्क डब्लिनने शत्रूच्या वकिलातीलाही नाकारला नव्हता, तो लंडनने आपल्या तटस्थ पाहुण्यांना काही महिन्यांसाठी नाकारला. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईचं गुपित राखायचं तर दुसरा इलाजही नव्हता.

आणि हवामानाचं काय झालं? त्याच वसंतात आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉड इथे, पोस्टात काम करणारी मॉरीन फ्लॅव्हिन दर तासाला वायुभारमापक वाचत होती. आयर्लंड आपले हवामानाचे आकडे युद्धभर गुपचूप ब्रिटनला पुरवत होता. 3 जून 1944 ला, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, तिने टिपलेला आकडा झपाट्याने उतरत होता, म्हणजे वादळ येऊ घातलं होतं. इंग्लंडहून फोन आला, आकडा पुन्हा तपासा. तिने पुन्हा सांगितला. मित्रराष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी 5 जूनची चढाई एक दिवस पुढे ढकलली, आणि पुढच्या निरीक्षणांवरून 6 जून नक्की झाला. जर्मनीला मात्र पश्चिमेचं आकाश दिसलं नाही. हवामान खराब आहे, इतक्यात कुणी येत नाही, असं समजून तो किनारा सांभाळणारे जर्मन सेनापती रोमेल पत्नीच्या वाढदिवसाला घरी गेले होते.

वसंत 1945. जर्मनी कोसळत होती. 30 एप्रिलला ग्रे पुन्हा डी व्हॅलेरांच्या दारात आले. जर्मन वकिलातीच्या किल्ल्या आत्ताच आमच्या हाती द्या, हेम्पेल यांनी कागद जाळण्यापूर्वी संकेतकोश ताब्यात येऊ द्या, पाणबुड्या अजून समुद्रात आहेत, जीव वाचतील. युक्तिवाद पोकळ नव्हता. पण जर्मन सरकार अजून अस्तित्वात होतं, आणि त्याच्या वकिलातीचं दार फोडून शत्रूला आत घेणं हे डी व्हॅलेरांच्या नियमांत बसत नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं. दोघांची ही भेट फार कडवट झाली.

दोन दिवसांनी, 2 मे रोजी, डी व्हॅलेरा वॉल्श यांना घेऊन हेम्पेल यांच्या घरी गेले आणि हिटलरच्या मृत्यूबद्दल त्यांनी शोक व्यक्त केला. छळछावण्यांची छायाचित्रं त्याच आठवड्यांत जगासमोर येत होती. हा शिष्टाचार जगाने कधीच माफ केला नाही, आणि मला वाटतं करू नये. डी व्हॅलेरांनी पुढे खाजगी पत्रात कारण दिलं ते असं की हेम्पेल सतत सरळ आणि सभ्य वागले, ग्रे यांच्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. यात तथ्य आहे. पण एका राजदूताच्या चांगल्या वागण्याची परतफेड करायला त्यांच्या मालकाच्या मृत्यूचा मुहूर्त लागत नव्हता. डी व्हॅलेरांच्या घडणीत असा एक कंगोरा होता की शिष्टाचार एकदा बरोबर ठरला की बाकी काहीच त्यांना दिसत नसे. मॅफी हे सगळं पाहून वैतागले. पाच वर्षं त्यांनी डब्लिनमध्ये जे संयमाने बांधलं होतं त्यावर यजमानानेच पाणी ओतलं.

किल्ल्या 8 मेला मिळाल्या. कागद तोवर जळून गेले होते.

हेम्पेल यांना आयर्लंडने आश्रय दिला. ते काही वर्षं तिथेच राहिले, त्यांच्या पत्नी केक विकून घर चालवायला हातभार लावत. 1949 मध्ये ते जर्मनीला परतले. गर्ट्सने 1947 मध्ये, आपल्याला जर्मनीत परत पाठवणार हे कळल्यावर, विष घेतलं. मॅफी पुढे लॉर्ड रग्बी झाले. ग्रे 1947 पर्यंत डब्लिनमध्ये राहिले आणि नंतर आयुष्यभर डी व्हॅलेरांविरुद्धचा खटला कागदावर लढत राहिले. त्यांच्या त्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, 2012 मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या. हेज 1967 पर्यंत राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक होते. आयरिश हस्तलिखितांची प्रचंड सूची त्यांनी पुरी केली, आणि गर्ट्सच्या लिपीशी झगडतानाचे आपले कागदही त्याच ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवले. कुणी मागितले तर पाहायला मिळतात.